लाल वाटी, काळा टॉवेल आणि भातुकलीतला मिक्सर: एका मुलीसाठी खेळणी शोधताना

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे श्रावणी म्हणू या. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं आणि खेळ जमावेत यासाठी उपचार करणारी, आणि श्रावणी माझ्याकडे आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई घरात मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते, पैसे नगावर. सोबत आज्जी. शेजारच्या खोलीत चुलते-चुलती आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. गल्लीत निम्म्याहून जास्त घरं तेलुगू बोलणारी, त्यामुळे पोरांचे खेळ दोन्ही भाषांत चालतात आणि श्रावणीच्या कानावर दोन्ही पडतात. हे मुद्दाम सांगते, कारण तिला काहीच कळत नाही असं घरच्यांना वाटत होतं, आणि चुलतभावाने तेलुगूत केलेल्या चेष्टेवर ती पहिल्याच भेटीत खुदकन हसली होती.

जन्म सातव्या महिन्यातला. महिनाभर काचेच्या पेटीत. वर्षाच्या आत फिट्स आल्या, औषध सुरू झालं. दहा महिन्यांची झाली तरी मान धरेना म्हणून धावपळ झाली आणि दीड वर्षाची असताना निदान झालं: सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं; तिच्या बाबतीत चारही हातापायांत ताठरपणा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र आणि निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा ही कागदपत्रं आईने एकटीने फिरून केलेली होती. निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. ही बाजू भक्कम होती, त्यामुळे तिच्यात शिरत नाही.

अडचण

आईचं पहिलं वाक्य होतं, "ताई, ही कशाशीच खेळत नाही. खेळणी आणून आणून थकलो."

दुसऱ्या भेटीला मी सगळी खेळणी घेऊन यायला सांगितलं. मोठी पिशवी भरून आली. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सोलापूरची मोठी जत्रा, भरतो, तिथून वडिलांनी आणलेलं ढोल वाजवणारं माकड, सायरन आणि लुकलुकणारे दिवे असलेली पोलिसांची गाडी, शिट्टीचा पक्षी. पुण्याच्या मामाने ऑनलाइन मागवलेला लाकडी आकारांचा संच, ज्याच्या खोक्यावर बुद्धीच्या विकासाबद्दल बरंच काही छापलेलं. जन्मल्यापासूनचे दोन खुळखुळे. आणि पॉलिथिनच्या पिशवीतून कधीच बाहेर न काढलेली गोरी, फिकट गुलाबी झग्यातली बाहुली.

एकेक खेळणं पुढे ठेवून पाहिलं. गाडीचा सायरन वाजला तसे श्रावणीचे दोन्ही हात झटक्याने बाहेर फेकले गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि ती रडू लागली. अचानक आवाजाने दचकण्याची तान्ह्या बाळाची प्रतिक्रिया वयाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास विरते. सेरेब्रल पाल्सीत ती वर्षानुवर्षं टिकू शकते. खुळखुळा मुठीत दिला तर मूठ त्यावर मिटली, अंगठा आत, आणि पुढे काहीच नाही. धरलेला आहे हे तिला कळतही नसावं. लाकडी आकार तिच्या हातात मावण्यासारखे नव्हतेच. बाहुली फुलाफुलांच्या चादरीवर ठेवली, तर तिची नजर बाहुलीवरून तशीच पुढे सरकली.

मग आईने मोबाइल लावला. श्रावणी शांत, नजर पडद्यावर. "बघा, हेच तेवढं आवडतं." दिवसातले तीन-चार तास तरी मोबाइल तिच्यासमोर उशीला टेकवलेला असायचा.

आज्जींचं मत वेगळं होतं. "खेळून काय पाय येणारेत व्हय? त्यापेक्षा तेल लावून मालिश करा की पोरीची." या वाक्याला मी हसले नाही आणि वाचणाऱ्यानेही हसू नये. निदान झाल्यापासून प्रत्येक जण या कुटुंबाला व्यायाम सांगत होता. खेळ हा मुलीच्या हक्काचा भाग आहे, व्यायाम संपल्यावर उरलेल्या वेळातली चैन नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

खरा धागा आईच्याच बोलण्यात सापडला. "मी जवळ गेले तरी ओळखत नाही, हाक मारली की मग हसते. पण लाल ओढणी असली ना माझी, की लांबूनच बघते." वडिलांनी भर घातली: ती छताचा पंखा तासन्‌तास बघते.

डोळ्यांची तपासणी झालेली होती. पडदा चांगला, बुबुळं चांगली, कागदावर सगळं ठीक, आणि ते खरंच होतं. अडचण डोळ्याच्या मागे होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावण्याचा धोका असतो. पायांना हुकूम देणारे तंतू तिथून जातात आणि डोळ्याने टिपलेलं मेंदूच्या मागच्या भागाकडे नेणारे तंतूही तिथूनच जातात. म्हणून ताठरपणा आणि मेंदूमुळे येणारा दृष्टिदोष पुष्कळदा जोडीने येतात. या दृष्टिदोषाला सीव्हीआय म्हणतात. बालनेत्रतज्ज्ञांकडे पुन्हा पाठवलं, या वेळी चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहून, आणि त्यांनी तेच निदान केलं.

सीव्हीआय कळल्यावर पिशवीतलं एकेक खेळणं का हरलं ते उलगडलं. अशा मुलांना बहुधा भडक, एकरंगी वस्तू लवकर दिसते, त्यातही लाल किंवा पिवळी. हलती वस्तू स्थिर वस्तूपेक्षा लवकर दिसते, म्हणून पंखा. उजेड असलेली वस्तू लवकर दिसते, म्हणून मोबाइल. मागे नक्षी असेल तर वस्तू तिच्यात बुडते. फुलांच्या चादरीवरची फिकट बाहुली शोधणं श्रावणीला गड्ड्याच्या गर्दीत हरवलेलं पोर शोधण्यासारखं होतं. बघायला वेळ लागतो. आवाज आणि दृश्य एकदम आलं तर दोन्ही झेपत नाही. आणि हात पुढे करताना नजर भलतीकडेच वळते, त्यामुळे आसपासच्यांना वाटतं की लेकराचं लक्षच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मामांनी ठेवला. दिव्यांग मुलांसाठी खास बनवलेली, मोठ्या बटणावर चालणारी खेळणी कंपन्यांकडे तयार मिळतात. पैसे मी देतो, मागवा. खेळणी चांगली होती, यात शंका नाही. पण एकेक खेळणं वडिलांच्या निम्म्या पगाराचं, बिघडलं तर सोलापुरात दुरुस्ती नाही, आणि मुख्य म्हणजे श्रावणी कुठल्या हालचालीने बटण दाबू शकेल हे अजून आम्हालाच माहीत नव्हतं. आधी मोठा खर्च आणि मग अंदाज, हा क्रम मला पटला नाही.

दुसरा पर्याय मोबाइल चालू ठेवण्याचा. तो सरसकट बंद करा म्हणणं सोपं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, कमी असेल तर उत्तमच. पण ही आई नगावर शिवते. मोबाइल काढून घेतला की दोन डझन टॉवेल कमी, म्हणजे तेवढी मजुरी कमी. शिवाय फिट्सचा इतिहास असल्याने झपाझप बदलणारी, लुकलुकणारी चित्रं नकोत, हे डॉक्टरांनीही सांगितलं. ठरलं ते असं: मोबाइल फक्त माल द्यायच्या घाईच्या वेळी आणि तासाभरापुरता, चित्रं संथ, आवाज बारीक. दुसरं काहीतरी उभं राहिल्यावर तोही कमी करायचा.

तिसरा पर्याय आज्जींचा: आधी मान, बसणं, पाय, खेळ नंतर. हा पर्याय वरवर मागासलेला वाटतो, पण बरीच शिकलेली माणसंही तोच निवडतात. त्यात अडचण अशी की या मुलीची बसण्याची तयारी केव्हा होईल हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि तोवर तिचं बालपण पंख्याकडे बघत गेलं असतं.

चौथा पर्याय म्हणजे घरात आणि बाजारात जे आहे त्यातून, तिला दिसेल आणि तिच्या हालचालीने चालेल असं घडवणं. वेळ लागणार होता. तो निवडला.

निवडताना एक गोष्ट ठरवून घेतली, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. खेळणं श्रावणीने चालवायचं. आपोआप वाजणाऱ्या-नाचणाऱ्या खेळण्यापुढे ती नुसती प्रेक्षक राहते. आपण काही केलं की जगात काही घडतं, हे तिला साडेतीन वर्षांत एकदाही अनुभवायला मिळालेलं नव्हतं; मिळालं होतं ते फक्त रडण्याच्या बाबतीत.

काय केलं

आधी बसणं. मान आणि कंबर सावरण्यातच सगळी ताकद खर्च होत असेल तर डोळ्यांना आणि हातांना काही उरत नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी खुर्ची मिळते, त्यासाठी नाव नोंदवलं, पण वाटपाच्या शिबिराची वाट पाहत थांबण्यात अर्थ नव्हता. गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडची कोपऱ्याची खुर्ची करून घेतली. पाठीमागे दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात आणि हात समोर मधोमध जमतात. मांड्यांच्या मध्ये गोल ठोकळा, पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून. पावलांखाली पाट. पुढे अडकवता येणारा ट्रे. सुताराने हौसेने वर रेक्झिन ठोकलं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्यावर पाठ भाजू लागली, तेव्हा आईने टॉवेलच्याच कापडाची खोळ शिवून चढवली.

मग दिसणं. ट्रेवर काळा टॉवेल. काळा टॉवेल या घरात मागायला जावा लागत नाही. त्यावर एकच लाल प्लास्टिकची वाटी. स्टीलची नको, कारण ती चकाकते आणि आसपासचं सगळं तिच्यात उमटतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, टीव्ही बंद, शिलाई मशीन बंद. वाटी किंचित उजवीकडे, कारण त्या बाजूचं तिला लवकर दिसतं हे लक्षात आलं होतं. वाटी जराशी हलवायची आणि गप्प बसायचं.

हे गप्प बसणंच सगळ्यांना जड गेलं. आई दोन-चार क्षणांत वाटी वाजवायची, "श्रावू, बघ बघ, वाटी बघ" म्हणायची, आणि आवाज आला की मुलगी ऐकू लागायची, बघायची थांबायची. वडील वाटी थेट तोंडापुढे न्यायचे. जमलं ते आज्जींना. त्या मांडी घालून समोर बसल्या, वाटी हलवली आणि मनातल्या मनात आकडे मोजत राहिल्या. तिशीच्या आसपास श्रावणीची मान हळूच वळली, नजर वाटीवर आली, सुटली, पुन्हा आली. आज्जी काहीच बोलल्या नाहीत. वाटी पुन्हा तशीच जराशी हलवली. त्या दिवसापासून वाटीचा तास आज्जींकडे आला, आणि मालिशवाल्या आज्जी खेळाच्या बाजूच्या झाल्या.

नंतर हात. इथे एक निर्णय अवघड होता. मूठ उघडून वस्तू धरायला शिकवायचं, की मूठ जशी आहे तशी वापरायची? मूठ उघडण्याचे व्यायाम चालूच होते आणि ते गरजेचेही आहेत. पण खेळ त्यांच्यावर अडवून ठेवायचा नाही असं ठरवलं. उजवा हात कोपरातून पुढे लोटणं तिला जमत होतं. म्हणजे धरणं नाही, पण ढकलणं आणि दाबणं शक्य होतं. वस्तू मधोमध ठेवायची काळजी घ्यावी लागली, कारण मान पूर्ण एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. ती हालचाल तिच्या मर्जीची नसते, आणि तिला यश मानून चालत नाही.

दाबून चालणारं खेळणं कसं करायचं, हे जरा सविस्तर सांगते, कारण पालक हेच जास्त विचारतात. तांब्याच्या दोन पातळ चकत्या घ्यायच्या, मध्ये जुन्या फाइलच्या प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे दोन्ही चकत्या एकमेकींना टेकणार नाहीत. प्रत्येक चकतीला एक वायर झाळायची. हा पापुद्रा खेळण्यातली बॅटरी आणि तिचा पत्रा यांच्या मध्ये सरकवायचा. खेळण्याचं स्वतःचं बटण कायम चालू ठेवायचं. वायरींच्या दुसऱ्या टोकाला मोठं, हलकं बटण. ते दाबलं की वीज पोहोचते आणि खेळणं चालतं, सोडलं की थांबतं. दोन सेलचा तीन व्होल्टचा मामला, शॉक बसण्याची भीती नाही. मात्र वायर मुलाच्या हाताला आणि तोंडाला लागणार नाही अशी मागून न्यायची, आणि सेलच्या कप्प्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसलंच पाहिजे.

प्रत्येक खेळणं असं चालत नाही. दुकानातच परीक्षा करायची: खेळणं चालू करायचं, चालू असतानाच एक सेल काढायचा आणि परत बसवायचा. सेल बसवताच ते आपोआप पुन्हा सुरू झालं तर चालेल. पुन्हा पंजा दाबा, पोट दाबा असं करावं लागलं तर सोडून द्यायचं. मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानदाराने त्या दिवशी एकेक खेळणं काढून, न कंटाळता हे करून दाखवलं. भुंकणारा कुत्रा नापास, नाचणारं फूल नापास, आणि सरकत्या बटणाचा खेळण्यातला मिक्सर पास. तोही लाल झाकणाचा.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. जत्रेतल्या आणि हातगाडीवरच्या मालावर ते पुष्कळदा दिसत नाही. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी रंगाचे पापुद्रे निघणारं, सुटे बारीक भाग असलेलं किंवा नाण्यासारखा चपटा सेल असलेलं खेळणं घेऊच नये. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत आतून भाजून निघते. शिट्टीचा पक्षी आणि पोलिसांची गाडी आम्ही पिशवीतून कायमची काढली ती याच कारणाने.

बटण पहिल्यांदा पुठ्ठ्याचं केलं: दोन पुठ्ठ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, कडेने स्पंजच्या पट्ट्या. बिनखर्चाचं, आणि दहा मिनिटांत होतं. पण फॉइल चुरगळली की कधी लागायचं, कधी नाही. हे साधं वाटतं, पण या टप्प्यावर फार महाग पडतं. मुलगी जीव एकवटून दाबते आणि काहीच घडत नाही. पाच-सहा वेळा असं झालं की ती दाबणंच सोडते. तेच झालं. मग नवी पेठेतल्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबानेही लागणारं लहान बटण, बसवून, वर हाताच्या पंजाएवढी प्लायवूडची फळी लावून पक्कं बटण करून दिलं. फळीला लाल रंगाचं कापड लावलं.

मिक्सर पहिल्यांदा फिरला तेव्हा तिचा हात अपघातानेच पडला होता. ती दचकेल अशी मला धास्ती होती. दचकली नाही. आवाज बारीक आणि सलग होता. पुढे दिसलं ते असं की दुसऱ्या कुणी मिक्सर लावला तर ती थोडी आक्रसायची, स्वतः लावला तर नाही. आपण केलेला आवाज आधीच ठाऊक असतो, त्याची भीती वाटत नाही. हात पडला, आवाज आला, हात उचलला गेला, आवाज थांबला. पुन्हा पडला. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती हसली, मशीनवर बसलेली आई शिवायची थांबली आणि रडू लागली.

आणि शेवटी सवंगडी. हा भाग आम्ही ठरवलेला नव्हता. चुलतभाऊ आणि समोरच्या घरातल्या दोन मुली भातुकली मांडायच्या. त्यांना मिक्सर दिसला, आणि श्रावणीला काम मिळालं: शेंगाची चटणी वाटायची. "शेंगाचटणी उखळात कुटायची असते, मिक्सरात कुणी करतं का?" असं आज्जींनी सुनावलं, पण पोरांनी मानलं नाही. खेळाचा नियम झाला: "श्रावणी, लाव!" म्हटलं की लावायचा, "थांब!" म्हटलं की थांबवायचा. ताठर हाताला दाबण्यापेक्षा सोडणं अवघड असतं. तो सराव मी कधीतरी पुढे घेणार होते. पोरांनी तो खेळ म्हणून आधीच सुरू केला, आणि "थांब" म्हटल्यावर तिने मुद्दाम न थांबवलं की सगळी खिदळत लोळायची.

काय झालं

साधारण आठ महिन्यांनंतरची स्थिती. लाल वाटीकडे नजर वळायला आधी तिशीपर्यंत मोजावं लागायचं, आता पाच-सातात वळते. लालसोबत पिवळी वस्तूही दिसू लागली आहे. उजव्या हाताने ठरवून दाबणं पक्कं, सोडणं बहुतेक वेळा जमतं. कोपऱ्याच्या खुर्चीत वीस-पंचवीस मिनिटं मान सावरून बसते. मोबाइल दिवसाला तासाच्या आत आला, आणि तो आम्ही ओढून काढला नाही, त्याची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली.

अंगणवाडीत ती आठवड्यातून तीन दिवस तासभर जाते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीतली कार्यपद्धती जाहीर केली आहे, तिचा आधार घेऊन आईने सेविकाताईंशी बोलणं केलं. ताईंनी अट घातली ती खुर्ची तिथेही हवी अशी, आणि ती रास्त होती. सुताराने दुसरी करून दिली. तिचे पैसे मामांनी दिले.

न बदललेलंही लिहायला हवं. ती चालत नाही, आधाराशिवाय बसत नाही, डावी मूठ अजून मिटलेलीच आहे. गल्लीत फटाका फुटला की अंग ताठ होतं. नितंबांच्या सांध्यांचा एक्स-रे ठरलेल्या मुदतीने काढावा लागतोच, कारण ताठरपणामुळे सांधा सरकण्याचा धोका असतो आणि कुठलंही खेळणं तो टाळू शकत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नजर. निदान दीड वर्षाला झालं, सीव्हीआय साडेतीन वर्षांना कळलं. मधली दोन वर्षं घरच्यांनी तिला दिसत नसलेल्या वस्तू दाखवण्यात घालवली. अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि सेरेब्रल पाल्सी, असं दोन्ही असेल तर डोळे ठीक आहेत का एवढं विचारून थांबू नये. त्याला काय दिसतं, कुठल्या बाजूचं दिसतं, किती वेळाने दिसतं, हे विचारावं. आईला हे निम्मं ठाऊक होतं. लाल ओढणीची गोष्ट तिने आधीही सांगितली असती, कुणी विचारलं असतं तर.

खुर्चीसाठी सुताराची वाट बघण्यात काही आठवडे गेले. घरातली मोठी बादली किंवा टबासारखं घमेलं आतून गुंडाळलेल्या टॉवेलांनी भरून तात्पुरती बैठक त्याच दिवशी करता आली असती.

वडील उशिरा सामील झाले. भेटीच्या वेळा त्यांच्या दिवसपाळीत यायच्या, त्यामुळे त्यांना सगळं आईकडून किंवा फोनवरच्या व्हिडिओतून कळायचं. रोज मागाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वायर जोडणं नवं नव्हतं. पहिलं पुठ्ठ्याचं बटण बिघडत होतं तेव्हा ते सोबत असते तर पक्कं बटण आधीच झालं असतं आणि श्रावणीचे ते निराश दिवस टळले असते. रातपाळीच्या आठवड्यात सकाळची भेट ठेवणं शक्य होतं.

मामांचा संच आणि पैसे दोन्ही नाकारले गेले तेव्हा ते दुखावले, आणि मधे काही महिने घराशी बोलणं तुटलं. मदत करायला धावलेल्या नातेवाइकाला "नको" म्हणण्याबरोबरच "याऐवजी हे करा" असं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. खुर्चीचे पैसे त्यांनी पहिल्यांदाच आनंदाने दिले असते.

वयाच्या प्रश्नावर घरात अजून एकमत नाही. खोक्यावर "शून्य ते सहा महिने" छापलेला खुळखुळा तिला हाताच्या तयारीप्रमाणे चालतो असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तिचा हात तान्ह्याचा असेल, समज तान्ह्याची नाही. हाताला सोपं आणि खेळाला वयाचं, असं खेळणं शोधायला कष्ट पडतात, पण गल्लीतल्या चार वर्षांच्या मुलींनी मिक्सरसाठी तिच्याशेजारी जागा मागितली. खुळखुळ्यासाठी मागितली नसती.

सध्या

वडिलांनी दुसरं बटण स्वतः केलं आहे, पिवळं. लाल दाबलं की मिक्सर, पिवळं दाबलं की छोटा पंखा. दोन बटणांतून निवड करता आली तर पुढे "हो" आणि "नको" त्यावर सांगता येईल. बटणं कुठे ठेवायची हे अजून ठरत नाहीये: डावीकडचं तिला कमी दिसतं आणि खालचंही कमी दिसतं, त्यामुळे शेजारी-शेजारी किंवा एकाखाली एक, दोन्ही मांडण्यांत एक बटण हरतं. सध्या एक मधोमध आणि एक उजवीकडे, दोन्ही उभ्या फळीवर, अशी मांडणी करून बघतो आहोत.

शाळेचाही विचार सुरू झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे सहा ते अठरा वयात जवळची शाळा किंवा विशेष शाळा, जी हवी ती निवडून मोफत शिकण्याचा हक्क तिला आहे. आईचा कल चुलतभाऊ जातो त्या गल्लीतल्या शाळेकडे, वडिलांचा विशेष शाळेकडे, कारण तिथे थेरपी मिळेल. दिवाळीनंतर दोघं दोन्ही शाळा बघून येणार आहेत, श्रावणीला आणि खुर्चीला सोबत घेऊन.